पत्रकारितेला प्रवेश घेतलास, आता सुरुवात इथून कर

अभिनंदन! कॅमेरा, माईक, एडिटिंग नंतर बघू. पहिल्या वर्षी वही, कान आणि पाय वापर.

रोज एक बातमी लिही, दीडशे शब्दांची. सकाळी आपल्या नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात जा. संत्र्याचा भाव अडत्याला विचार, मग शेतकऱ्याला विचार. आकडे बहुतेक जुळणार नाहीत. ते का जुळत नाहीत हे शोधणं म्हणजेच रिपोर्टिंग. मी सुरुवातीला एकाच माणसाचं ऐकून भाव छापला होता. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी हिशोबपट्टी घेऊन ऑफिसात आले आणि काही न बोलता ती माझ्या टेबलावर ठेवली. तेव्हापासून मी कागद पाहिल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

नवे लोक हमखास चुकतात ते इथं:
- प्रेसनोट जशीच्या तशी उतरवणं
- व्हॉट्सअ‍ॅपवरचं न तपासता उचलणं
- नाव, आडनाव, गाव परत विचारायला लाजणं. बिनधास्त विचार, लोक रागावत नाहीत.

आणि डिसेंबर वाया घालवू नकोस. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे भरतं. यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चात पुढाऱ्यांकडे नाही, मागच्या रांगेतल्या बायांकडे जा. त्या कुठून आल्या, भाकरी कुठं खाल्ली, मागणी काय, एवढं विचारून लिहून आण.