लॅबवाल्याशी घातलेला वाद

प्रश्न : इंदूरच्या रामबागेतून एका आईचं पत्र आलं आहे. मुलीला बारावी बायोला 84 टक्के. नीट दोनदा दिली. एक वर्ष ड्रॉप घेऊनही दुसऱ्या खेपेला 22 गुण घटले. भंवरकुआँच्या क्लासमध्ये तिसऱ्या वर्षाची निम्मी फी भरून झाली आहे. मुलगी मात्र बायोमेडिकल सायन्सला जायचं म्हणते. 'तो कोर्स करून पुढे एमबीबीएसला प्रवेश मिळतो का? इथे नाही तर निदान परदेशात?' असं आई विचारतात. खाली वडिलांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली आहे : 'निदान स्वतःची लॅब तरी टाकता येईल ना?'

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या चार पानी पत्रात नीटचे गुण सहा वेळा आलेत आणि दिरांच्या मुलाचं एमजीएम मेडिकल कॉलेजातलं सिलेक्शन तीन वेळा. तिसऱ्या पानाच्या तळाशी, जाता जाता, एक वाक्य आहे : 'भाच्याच्या मुंजीला तिला घरीच ठेवलं, चार लोक विचारतात, मग तिलाच त्रास होतो.' मला त्या वाक्यापुढे लवकर जाता आलं नाही.

त्रास होतो हे तिनं सांगितलं, की तुम्ही ठरवलंत? सगळं घर मांडवात, आणि एकोणीस वर्षांची मुलगी झाकून ठेवलेल्या ताटाशी एकटी. त्या दिवशी तिला काय कळलं असेल? आपण आता चारचौघांत दाखवण्यासारख्या राहिलो नाही, एवढंच. चार लोक विचारतील हे खरं, पण त्यांना उत्तर द्यायचं काम आईबापांचं. 'नाही झालं, दुसरं बघतोय' एवढं म्हणून पुढचा लाडू वाढायचा. ते तुम्हाला जड गेलं, म्हणून तिला घरी ठेवलंत. हे तुम्हाला लागेल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ती ताट खोलीत नेते आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, असंही तुम्ही लिहिलंय, पण अभ्यास होत नसल्याची तक्रार म्हणून. मला ती तक्रार वाटत नाही, काळजीची गोष्ट वाटते. हे दोन-तीन आठवडे असंच चाललं असेल तर कोर्सबिर्स बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास, फुकट चालतो. तिला हवा असेल तर तिला द्या, आधी तुम्ही स्वतः लावून बघितलात तरी चालेल.

या दुसऱ्या ड्रॉपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो तिनं मागितला असता तर मी वेगळा विचार केला असता. हा ड्रॉप तुम्ही घेताय आणि बसवताय तिला. मन लावून दोन वर्षं बसूनही गुण खाली येतात, तेव्हा आणखी बसणं हा इलाज नसतो. भरलेली फी परत मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर गेली म्हणा. त्या पैशांपायी वर्ष घालवू नका.

आता तुमचा प्रश्न. हा समज मला दर महिन्याला भेटतो, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे बी.एस्सी. करून एमबीबीएसच्या वरच्या वर्षाला बसता येत नाही, एक विषयसुद्धा माफ होत नाही. पुन्हा नीट आणि पुन्हा पहिलं वर्ष. हे खूळ आलं परदेशातून. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये पदवीनंतर मेडिकलला जाण्याची वाट आहे, आणि तिकडची बरीच मुलं बायोमेडिकल सायन्स करून त्या वाटेनं जातात. एजंट एवढंच सांगून थांबतात. बाहेरच्या मुलांना जागा थोड्या आणि फी अफाट, हे ते सांगत नाहीत. शिवाय परत येऊन इथे प्रॅक्टिस करायची तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या नियमांनुसार तिकडचं वैद्यकीय शिक्षण किमान 54 महिन्यांचं हवं, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप तिथेच, आणि मग इथली परीक्षा. पदवीधरांसाठीचे तिकडचे बरेच कोर्स चार वर्षांचे, म्हणजे 48 महिन्यांचे. हिशेब तुम्हीच करा. डॉक्टर व्हायचा मागचा दरवाजा म्हणून ही पदवी घेणार असाल तर घेऊ नका.

लॅबचंही सांगून टाकते. लॅब टेक्निशियनचा कोर्स बीएमएलटी, तो वेगळा. आणि रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच, असं 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय. तेव्हा बायोमेडिकल सायन्सच्या भरवशावर लॅबची पाटी रंगवू नका.

मग ही पदवी आहे कशासाठी? त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तेही तक्रारीच्या सुरात. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन बाटल्या रक्त चढवलं. महिन्याभरानं तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी केली, आकडा इतका छान आला की सगळे खूश. आणि ही पोरगी काउंटरवर उभी राहून लॅबवाल्याला विचारते, 'रक्त दुसऱ्यांचं चढवलंय, मग शुगर नेमकी कुणाची मोजलीत?' तुम्ही लिहिलंय, 'लोक बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.'

ताई, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता! आपल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. रक्तातली साखर त्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, आणि किती चिकटली ते मोजून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज बांधतात. दुसऱ्याचं रक्त चढवलं की त्याच्या पेशी मिसळतात आणि आकडा फसवा येऊ शकतो. हे तिला क्लासनं शिकवलं नसणार. तांबड्या पेशी किती दिवस जगतात हे पाठ असलेली मुलं हजारोंनी आहेत; ते आजीच्या रिपोर्टला लावून बघणारी फार थोडी.

बायोमेडिकल सायन्स म्हणजे हेच. बायोकेमिस्ट्री, शरीरक्रियाशास्त्र, इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स, औषधं शरीरात काय करतात याचा अभ्यास. पेशंटला डॉक्टर तपासतो. डॉक्टरच्या हातातला आकडा कुठून आला आणि कधी चुकतो, हे ही माणसं शोधतात. इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे ते यंत्रांचं, त्याला गणित लागतं. नावावरून गोंधळू नका.

प्रवेशाचं एका ओळीत : दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकल सायन्स याच नावाची ऑनर्स पदवी सीयूईटी या प्रवेश परीक्षेवर मिळते, भोपाळ-पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थांत आयएटी ही त्यांची परीक्षा द्यावी लागते, आणि घरीच राहायचं तर इंदूरच्या होळकर कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी करूनही एम.एस्सी.ला याच वाटेवर येता येतं.

पैशांचं मात्र गोड बोलून सांगणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर इंदूरजवळच्या पिथमपूरच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलची नोकरी लागू शकते, पगार बेताचा. एम.एस्सी.नंतर दारं उघडतात : औषधांच्या चाचण्यांचं काम, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारी फार्माकोव्हिजिलन्स, तपासणीचे किट बनवणाऱ्या कंपन्या, आयव्हीएफ केंद्रांत एम्ब्रियोलॉजिस्ट म्हणजे गर्भ हाताळणारे तज्ज्ञ, आनुवंशिक आजारांबद्दल कुटुंबांना सल्ला देणारं जेनेटिक कौन्सेलिंग. संशोधनात जायचं तर नेट ही परीक्षा काढून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळते, 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज जातात. तिच्या चुलतभावाच्या दारावर डॉक्टरची पाटी लागेल तेव्हा ही अजून शिकत असेल. ते तुम्हाला झेपणार आहे का, हे आजच एकमेकांशी बोला. नंतर तिला टोमणे नकोत.

कमला सोहोनी तुमच्या इंदूरच्याच, जन्म 1911 चा, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. 1933 मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली, ती बायोकेमिस्ट्रीत, आणि पुढे नीरा या पेयातल्या पोषणावर काम केलं. त्या डॉक्टर नव्हत्या. ही गोष्ट मुलीला सांगायची गरज नाही, तिला बहुधा ठाऊक असेल. तिच्या बाबांना सांगा.

पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं. दिल्ली की इंदूर, हे मी तिच्याशीच बोलेन. तुम्ही एक करा. सासूबाईंच्या डॉक्टरांना रक्त चढवल्याची तारीख सांगितली होती का? नसेल तर तो छान रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात जा आणि विचारा, शुगर दुसऱ्या पद्धतीनं मोजायची का. जाताना मुलीला बरोबर न्या. डॉक्टरांशी तिला बोलू द्या.