मॉर्मन घरात लहान मुलांचं रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे तुम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात चालला आहात, मुलगी चार वर्षांची आहे आणि आजूबाजूला बहुतेक घरं मॉर्मन, म्हणजे येशूला मानणाऱ्या एका अमेरिकी पंथाची, असतील असं ऐकलंय. त्यांच्याकडे लहान मुलांचा दिवस कसा जातो आणि मुलीला त्यांच्या घरी खेळायला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी सांगितलं म्हणजे तुमचा जीव शांत होईल.

आम्ही 2016 पासून लीहायला राहतो. सॉल्ट लेक सिटी आणि प्रोव्होच्या मधलं हे गाव, आणि त्याचं नावच मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं आहे. आलो तेव्हा आमचा मुलगा एक वर्षाचा होता. शेजारच्या घरात तेव्हा तीन मुलं होती, आता पाच आहेत. त्यांचा तिसरा आणि आमचा एकाच वयाचे, त्यामुळे गेली कित्येक वर्षं दोन्ही घरांची मागची दारं उघडीच असतात. मी सांगतेय ते मुख्यतः या एका घराचं, थोडंफार आमच्या गल्लीतल्या इतर घरांचं. सगळ्या घरांत सगळं इतकं नेमाने होतं असं समजू नका.

दोन गोष्टी पटकन सांगून टाकते. एका पुरुषाने अनेक बायका करण्याची प्रथा चर्चने 1890 मध्ये सोडली. आज कोणी तसं केलं तर त्याला चर्चमधून काढतात. आणि ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, चर्चचं पूर्ण नाव (‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’) घ्या, असं त्यांच्या अध्यक्षांनी 2018 मध्ये सांगितलं. तुमच्या प्रश्नात तो शब्द आहे म्हणून मी वापरतेय, शेजारणीसमोर वापरत नाही.

आता मुलांकडे येते. मला सगळ्यात आधी जाणवलं ते त्यांचं प्रार्थनेचं हाताचं वळण. ते हात जोडत नाहीत. दोन्ही हातांची घडी घालतात, मान खाली, डोळे मिटलेले. आपल्याला शाळेत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणजे गप्प बसायची आज्ञा असायची. त्यांच्याकडे हाताची घडी घालून जो बोलतो तो बहुतेक वेळा घरातलं लहान मूलच असतं. जेवणाआधी बाबा विचारतात, आज कोण म्हणणार? आणि तीन वर्षांचं पोर उभं राहून स्वर्गातल्या पित्याशी बोलायला लागतं. पाठ केलेला श्लोक नसतो. आधी आभार, मग मागणं, शेवटी येशूच्या नावाने आमेन, एवढा साचा ठरलेला. मधले शब्द ज्याचे त्याने शोधायचे. त्यांच्या धाकट्याने एकदा कचऱ्याच्या गाडीबद्दल आभार मानले, मग कुत्र्याबद्दल, मग परत कचऱ्याच्या गाडीबद्दल. कोणी हसलं नाही. घाईही केली नाही. सगळे ताटापुढे तसेच बसून राहिले, भाजी गार झाली तरी. मला तो क्षण फार आवडला होता. आपल्याकडे मी शुभंकरोती म्हणत वाढले आणि त्या पाठांतराची गोडी वेगळीच, पण देवाशी स्वतःच्या शब्दांत काय बोलावं हे मला लहानपणी कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी शाळेची गाडी यायच्या आधी सगळे सोफ्यावर गोळा होतात आणि ग्रंथातल्या काही ओळी वाचतात. ज्याला वाचता येत नाही तो आईच्या मागून एकेक शब्द म्हणतो. पाच-सात मिनिटांचं काम, पण त्यात कोणाचा तरी मोजा सापडत नसतो, कोणी रडत असतं. रात्री झोपायच्या आधी पलंगाभोवती गुडघ्यांवर बसून परत एकदा प्रार्थना.

सोमवारची संध्याकाळ मात्र ठरलेली. तिला होम ईव्हनिंग म्हणतात. 1915 पासूनची पद्धत आहे ही, आणि 1970 पासून सोमवार पक्का झाला. त्या रात्री चर्चमध्ये कसलाच कार्यक्रम ठेवत नाहीत, म्हणजे आईबाप घरी असावेत. शेजारणीच्या स्वयंपाकघरात एक लाकडी फळी आहे, तिला खिळे आणि खिळ्यांना नावांच्या पट्ट्या. प्रार्थना कोणाची, गाणं कोणाचं, गोष्ट किंवा धडा कोणाचा, खेळ कोणता ते कोण ठरवणार, खाऊ कोण करणार. दर आठवड्याला पट्ट्या एक घर पुढे सरकतात. पाच वर्षांच्या मुलावर धड्याची पाळी आली तर तो चित्र दाखवून दोन वाक्यं बोलतो, आणि तो धडाच धरला जातो. आमच्या मुलाला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तिने त्याच्याही नावाची पट्टी रंगवून खिळ्याला लावली होती, खाऊच्या. तो राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेला आणि परत आला तेव्हा डबा चाटूनपुसून रिकामा होता. ती पट्टी अजून तिच्या खणात आहे.

रविवार हा त्यांचा खरा मोठा दिवस. खरेदी नाही, सामने नाहीत, हॉटेल नाही. हे मला माहीत नव्हतं. मुलाचा चौथा वाढदिवस मी रविवारी एका खेळघरात ठेवला, पाचही मुलांना आमंत्रण दिलं, आणि त्या घरातून कोणी आलं नाही. मला फार लागलं होतं ते. शनिवारीच ते सगळे भेट घेऊन येऊन गेले होते, पण त्यामागचं कारण मला नंतर कळलं. तेव्हा तुम्ही वाढदिवस शनिवारी करा, आणि सोमवारची संध्याकाळही टाळा.

त्यांची मंडळी ‘वॉर्ड’मध्ये वाटलेली असते, आपल्या नगरपालिकेच्या वॉर्डासारखीच, पत्त्यावरून. त्यामुळे गल्लीतली सगळी मुलं एकाच वेळी एकाच इमारतीत जातात. पहिला तासभर लहानथोर सगळे एकत्र. पाळण्यातली बाळंसुद्धा. बाळांना वेगळ्या खोलीत ठेवत नाहीत, म्हणून त्या सभागृहात सतत कुजबुज, रडणं, पडलेल्या पेन्सिली. प्रत्येक आईजवळ एक पिशवी असते: चिरिओजची (ओटच्या कोरड्या, छोट्या कड्या) डबी, रंगवायची वही, कापडी पानांचं पुस्तक ज्यात बटणं लावायची आणि नाड्या बांधायच्या. पाव आणि पाण्याचा प्रसाद फिरतो तेवढा वेळ शांत राहायचं असतं. पाव छोट्या तुकड्यांचा, पाणी चिमुकल्या पेल्यात, आणि ताटं घेऊन रांगारांगांतून फिरणारी मुलं असतात बारा-तेरा वर्षांची.

त्यानंतर मुलं ‘प्रायमरी’त जातात. दीड वर्षापासून पाळणाघरासारखा वर्ग, तीन पूर्ण झाली की गाणी आणि धडे. 1878 मध्ये इथल्याच फार्मिंग्टन गावात ऑरेलिया स्पेन्सर रॉजर्स या बाईंनी पोरांच्या उनाडपणाला काही वळण लागावं म्हणून हे सुरू केलं. तिथे पाळीपाळीने एकेक मूल माइकसमोर जाऊन चार वाक्यांचं भाषण करतं. आई मागे वाकून कानात सांगत असते. आमच्या मुलाच्या शाळेत स्नेहसंमेलनात ही पोरं अजिबात बिचकत नाहीत, त्याचं कारण मला इथे सापडलं. हे सगळं पूर्वी तीन तास चालायचं, 2019 च्या जानेवारीपासून दोन तास झालं. त्या आठवड्यात शेजारीण जितकी आनंदात होती तितकी मी तिला क्वचितच पाहिली आहे.

कारण या सगळ्याचा भार तिच्यावर असतो, आणि हे तुम्हाला कोणी सहसा सांगणार नाही. वॉर्डात पगारी धर्मगुरू नसतो. बिशप, म्हणजे वॉर्डाचा प्रमुखही, आपली नोकरी सांभाळून ते काम करतो, आणि बाकीची कामं अशीच वाटून दिलेली. तिचा नवरा काही वर्षं बिशपच्या मदतनिसांत होता. मदतनीस रविवारी वर व्यासपीठावर बसतात. म्हणजे तो समोर, सगळ्यांकडे तोंड करून, आणि ती खाली बाकावर एकटी, पाच मुलांसह, त्यात एक अंगावर पिणारं. एका रविवारी दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि काही न बोलता रडली. मी तिला ताक दिलं. मग म्हणाली, त्याच्याकडे बघितलं की राग येतो आणि रागाचीच लाज वाटते. तिच्या श्रद्धेत काही खोट नव्हती. ती दमली होती. मोठी कुटुंबं, घरी आई, सतत हसरा चेहरा, या अपेक्षांचं ओझं इथल्या बायकांवर खूप असतं, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. तुमची शेजारीण नेहमी ‘मजेत’ म्हणत असेल तरी दोन वेळा विचारा.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाळ झालं की वॉर्डातल्या बायका दोन-दोन आठवडे जेवणाचे डबे पोचवतात. माझ्या धाकटीच्या वेळी आम्ही वॉर्डातले नसूनही आमच्याकडे डबे आले, आणि एकीने विचारून घेतलं होतं की अंडं चालतं का. 2020 च्या मार्चमध्ये दुकानातलं पीठ संपलं, शिवाय 18 तारखेला भूकंपाने सगळा परिसर हादरला. त्या संध्याकाळी तिचा थोरला गव्हाची बादली ओढत दारात आला. त्यांच्या तळघरात धान्याची बेगमी असते: गहू, तांदूळ, घेवडा, घरी डबाबंद केलेली पीच. त्यांच्या चर्चची शिकवणच तशी आहे. मला आजीच्या कणग्या आठवल्या. तिच्याच चक्कीवर गहू दळून मी पोळ्या केल्या आणि दोन्ही घरांनी खाल्ल्या. तेव्हा चर्चही बंद होतं. घरच्या जेवणाच्या टेबलावर बाबांनीच प्रसाद केल्याचं त्यांच्या मुलीने आम्हाला कुंपणापलीकडून सांगितलं, फार अभिमानाने.

पैशांचं वळणही लहानपणीच लावतात. मुलांकडे तीन बरण्या असतात. डॉलर मिळाला की आधी दहा सेंट चर्चच्या बरणीत, मग साठवण, मग खर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी माणसं दोन वेळचं जेवण सोडतात आणि ते पैसे गरजूंसाठी देतात. लहानांना उपास नसतो, पण त्या दिवशी आईबाप जरा तापट असतात हे मुलांना ठाऊक असतं.

2021 मध्ये त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला आम्ही गेलो. आठ वर्षं पूर्ण झाली की असतो. तान्ह्या बाळांना करत नाहीत, कारण मुलाला स्वतः हो म्हणता आलं पाहिजे असं ते मानतात. आठ म्हटल्यावर मला मुंजच आठवली, फक्त इथे मुलगे-मुली दोघांचंही होतं. ती पांढऱ्या कपड्यांत, बाबाही पांढऱ्या कपड्यांत, दोघं पायऱ्या उतरून पाण्यात गेले. पूर्ण बुडायला हवं. पाय वर तरंगला तर परत. तिचं एकदा परतच करावं लागलं. पाहायला दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांतला एक तिचा अकरा वर्षांचा भाऊ होता. मुलांना साक्षीदार होऊ द्यायची मुभा 2019 मध्येच मिळाली होती. ती ओल्या केसांनी आली आणि पहिलं माझ्या मुलाला म्हणाली, पाणी कोमट होतं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, धर्मांतराचा. आमंत्रणं येतील. प्रायमरीचं, नाटुकल्याचं, कधी दोन तरुण मिशनरी दारात. आम्ही एकदा शांतपणे सांगितलं की आम्ही आमच्या देवाचं करतो, मुलांना खेळायला मात्र जरूर बोलवा. त्यानंतर दबाव आला नाही. कोणी बोलणं तोडलं असंही झालं नाही. काही घरांत तसं होतं असं मैत्रिणींकडून ऐकलंय, पण माझ्या अनुभवात नाही.

जड गेलं ते वेगळंच. मुलगा सहा वर्षांचा असताना एका रात्री म्हणाला, त्यांचं कुटुंब मेल्यावरही एकत्र राहणार आहे, त्यांच्या मंदिरातल्या विधीने बांधलंय त्यांना कायमचं. आपल्याला कोणी बांधलंय? पलीकडच्या मुलीने त्याला काही पटवायला सांगितलं नव्हतं, तिला जे खरं वाटतं ते सांगितलं होतं. मला लगेच उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या आजीची पळी दाखवली, जिने मी रोज फोडणी करते, आणि आजीबद्दल जे आठवलं ते सगळं सांगत बसले. त्याचं त्याने पूर्ण समाधान झालं असं नाही. अधूनमधून तो अजून विचारतो, आणि आम्ही अजून बोलतो. तुमच्या मुलीकडूनही हा प्रश्न येईल, तेव्हा काय सांगायचं याचा दोघांनी आधी विचार करून ठेवा. रविवारी दुपारपर्यंत गल्ली ओस असते तेही तिला एकटं वाटेल. आम्ही त्या वेळात मुलाला घेऊन साउथ जॉर्डनच्या गणपती मंदिरात जातो.

खाण्यापिण्याचं सांगून थांबते. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. 1833 पासूनची शिकवण आहे. आल्याचा चहा पुढे केलात तर त्यांना नाही म्हणताना संकोच होतो. कोकम, पन्हं, ताक, हळदीचं दूध सगळं चालतं. गवती चहा नुसता पाण्यात उकळून द्या आणि यात चहाची पत्ती नाही हे आधीच सांगा, आमच्याकडे तो मुलांचा आवडता आहे. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी कुकीजची ताटली घेऊन दार वाजवेल. ताटली रिकामी परत करू नका. मी करंज्या दिल्या होत्या. शेंगदाणे किंवा काजू घालणार असाल तर घरात कोणाला ऍलर्जी आहे का ते मात्र आधी विचारून घ्या.