"चार वर्षं नाटकात घालवली हो यानं!"

समोर वडील, मांडीवर फाइल. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट क्रमाने लावलेल्या. शेजारी आई, आणि जरा लांब खुर्ची ओढून मुलगा. इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिलेले.

"मॅडम, याच्याबरोबरची मुलं नोकरीला लागली. हा पावसाळा आला की गायब. आधी ती पुरुषोत्तमची एकांकिका स्पर्धा, मग फिरोदिया करंडक. रात्री दोनला घरी यायचा, हात काळे करून."

पुण्यात समुपदेशन करताना ही तक्रार माझ्याकडे दरवर्षी येते, बहुधा निकालानंतरच्या आठवड्यात.

"नाटकात तू काय करायचास?" मी मुलाला विचारलं.

"काही नाही. बॅकस्टेज. लाइट्स."

त्या 'काही नाही'वर मी अडले. जरा खोदल्यावर तो बोलायला लागला. तासाभराची एकांकिका, भरत नाट्य मंदिरात सगळं लावायला मोजका वेळ. कुठल्या वाक्यावर कुठला स्पॉट उजळायचा, याची वही त्याची. एका प्रयोगात नटाने पानभर संवाद गाळला. याने अंधारात वही चाळून पुढचा क्यू, म्हणजे दिवा बदलायची खूण, पकडला. प्रेक्षकांना कळलंही नाही. दिव्यांवर लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद परवडेनात तेव्हा जुने कागद कापून, जोडून रंग कसा साधला, हे तर तो हातवारे करत सांगत होता.

लेक्चर बुडवणारा प्रत्येक पोरगा कलावंत घडत असतो, असं मला मुळीच वाटत नाही. कट्ट्यावर चार वर्षं काढून "मी क्रिएटिव्ह आहे" म्हणणारेही येतात. मी एवढंच बघते, की कंटाळवाणं काम कोणी केलं. टाळ्या पडत नाहीत तिथे कोण टिकलं.

आई हळूच म्हणाली, "जब्बार पटेल, मोहन आगाशे... बी.जे. मेडिकलला असताना तेही नाटकच करायचे ना?"

"पण डॉक्टर झाले ना ते!" वडील.

मुद्दा बिनतोड होता आणि मी तो खोडला नाही. उलट मुलाला म्हटलं, "पुढे काय, हे ठरवलंयस?" त्याला दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं होतं. तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभवही. म्हणजे जी वर्षं वडील वाया गेली म्हणत होते ती अर्जात मोजली जाणार होती, आणि मुलाला नकोसे झालेले दोन विषयही सोडवावेच लागणार होते. दोघांचेही चेहरे सारखेच पडले. मला हसू आवरेना.

पुढच्या भेटीला मी ती वही आणायला सांगितली. वडिलांनी ती मार्कशीटसारखीच पहिल्या पानापासून तपासली.

"हे क्यू सतरापुढे लाल फुली कशाला?"

"तिथे दिवा उशिरा लागला होता, बाबा."

"मग अठराला सुधारलंस?"

मुलाने खुर्ची जवळ ओढली.

दोनपैकी एक विषय सुटलाय. दुसऱ्याची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आणि त्याच आठवड्यात एक प्रयोगही. तारखांवरून घरात पुन्हा वाजलंय, असं कालच आईचा फोन आला होता.