टेलिटबीजमध्ये तीच फिल्म लगेच दुसऱ्यांदा का दाखवतात?

मुद्दाम दाखवतात, कारण हा टीव्ही कार्यक्रम अगदी लहानग्यांसाठी आहे आणि त्या वयात खरी गंमत दुसऱ्यांदा बघण्यातच असते. टेलिटबीज म्हणजे यातली बाहुल्यांसारखी पात्रं; त्यांच्या पोटावरच्या पडद्यावर लागणाऱ्या फिल्ममध्ये खरीखुरी मुलं काहीतरी करताना दिसतात. ते संपलं की टेलिटबीज 'पुन्हा, पुन्हा!' ओरडतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू. (आईबाबांच्या डोक्याला ताप, ते वेगळं.) पहिल्या खेपेला मूल नुसतं टक लावून बघतं, दुसऱ्या खेपेला पुढे काय येणार हे ठाऊक असल्याने आधीच बोट दाखवतं, खिदळतं. १९९७ साली बीबीसीवर आलेली ही मालिका अ‍ॅन वुड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांची, आणि डेव्हनपोर्ट यांचं शिक्षणच वाणीशास्त्रातलं, म्हणजे माणूस बोलतो कसा याच्या अभ्यासातलं. पाच वर्षांचं पोर मात्र दुसऱ्या फेरीत उठून गेलं तर नवल नाही.