आयात-निर्यात प्रश्नोत्तरे: अफगाणी बेदाणा आणि वजनाची कोरी जागा

या महिन्यात आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गैरसमज आहे. सरकारने करारावर सही केली की माल आपोआप बिनशुल्क जायला-यायला लागतो, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. हे मी या सदरात आधीही लिहिलंय, पण पत्रं थांबत नाहीत. म्हणून या वेळी फक्त व्यापार करारांचेच प्रश्न घेतोय. नावं छापलेली नाहीत.

सार्क आणि साफ्टा एकच का? (विद्यार्थी, नाशिकरोड)

नाही. सार्क ही १९८५ साली ढाक्यात स्थापन झालेली दक्षिण आशियाई देशांची संघटना. साफ्टा हा तिच्या सदस्य देशांमधला व्यापार करार, १ जानेवारी २००६ पासून लागू. परीक्षेला एवढं पुरे.

अंबडला आमचं व्हॉल्व्हच्या सुट्या भागांचं युनिट आहे. व्हिएतनामच्या गिऱ्हाइकाने 'आसियान करारात बसता का?' असं विचारलं. आम्ही हो कळवलं. बरोबर ना?

हो म्हणण्याआधी हिशेब मांडला होता का? भारत आणि आसियान (आग्नेय आशियातल्या देशांचा गट) यांचा वस्तू करार २०१० पासून आहे. त्यात सर्वसाधारण नियम असा की एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या, किमतीत किमान ३५ टक्के हिस्सा करारातल्या देशांचा हवा, शिवाय बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा आणि तयार मालाचा सीमाशुल्काचा कोड सहा अंकी पातळीवर वेगळा हवा. दोन्ही अटी पाळायच्या, एक नाही. चीनमधून घडवलेला तुकडा आणून तुम्ही इथे फक्त ड्रिल आणि पॉलिश करत असाल, तर कोड कदाचित बदलणारच नाही. चूक निघाली तर शुल्क तिकडे गिऱ्हाईक भरतं आणि तुमच्या पुढच्या बिलातून कापून घेतं. सिन्नरच्या एका कारखानदाराचं असंच झालं होतं. इन्व्हॉइसवर एक कोड, मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर दुसरा, फरक एका आकड्याचा. कॉस्ट अकाउंटंटकडून लेखी हिशेब करून घ्या, तो सीएचएला (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाला) दाखवा, आणि मगच डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर प्रमाणपत्राचा अर्ज टाका.

आरसेपमधून बाहेर पडून भारताने चूक केली की बरोबर? दोन्ही बाजूंनी ऐकलंय.

आरसेप म्हणजे आसियान, चीन, जपान वगैरे देशांचा मोठा व्यापार करार. ऐकलंय ते बाजूला ठेवा, आकडे बघा. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने नकार कळवला. वर्षभराने, १५ नोव्हेंबर २०२० ला, उरलेल्या १५ देशांनी सह्या केल्या. आपली मुख्य भीती चिनी मालाची होती. पण चीनशी आपला मुक्त व्यापार करार नसतानाही २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरच्या आसपास गेली. म्हणजे नुसतं कुंपण घालून भागलं नाही.

उलट बाजूचा, म्हणजे करार असलेला आसियान घ्या. २०२२-२३ मध्ये आपली निर्यात सुमारे ४४ अब्ज डॉलर, आयात सुमारे ८७. हा आकडा दाखवून 'करारानेच बुडवलं' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्या आयातीत इंडोनेशियाचा कोळसा आहे, पामतेल आहे. करार नसता तरी ते आलंच असतं, फक्त महाग पडलं असतं. माझं मत विचाराल तर त्या वेळी बाहेर राहणं समजण्यासारखं होतं. मात्र जपान, कोरिया, आसियानशी जे करार आधीच हातात होते, ते आपल्या कारखान्यांनी पुरते वापरलेच नाहीत, आणि यावर कुणी बोलत नाही.

बांगलादेशला आपण इतक्या सवलती देतो, मग आमच्या द्राक्षांवर ते शुल्क का लावतात? (द्राक्षबागायतदार, निफाड)

सवलत दोन्हीकडून सारखी नाही म्हणून. बांगलादेश अल्पविकसित देशांत मोडतो, त्यामुळे दारू-तंबाखूसारख्या मोजक्या २५ वस्तू सोडून त्यांच्या मालाला आपण २०११ पासून शून्य शुल्क ठेवलंय. परतफेडीची सक्ती त्यांच्यावर नाही. शिवाय साफ्टात प्रत्येक देशाची संवेदनशील वस्तूंची यादी असते, त्यातल्या मालाला सवलत नसते. त्याहून मोठी मेख म्हणजे मूळ सीमाशुल्काच्या वर तिथे पूरक शुल्क आणि नियामक शुल्क लागतं, आणि हे करारात धरलेलंच नाही. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आसियानमध्ये तो पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भरतो. कारणं हीच, आणि त्यावर राजकारण.

ट्रक बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या रांगेत उभा राहिल्यावर हे शोधत बसू नका. हंगामाआधी खरेदीदाराकडून ०८०६१० या कोडवरचं सगळं मिळून शुल्क लेखी मागवा. तोंडी नको. वर्षाच्या मध्येही त्यांचे आकडे बदलतात.

पिंपळगावला आमची बेदाण्याची पेढी आहे. एक एजंट अफगाणी बेदाणा 'साफ्टा सर्टिफिकेटसकट, शून्य शुल्क' देतो म्हणतो. भाव फार चांगला आहे. घ्यावा का?

याच प्रश्नाची मला भीती असते, आणि तो दर वर्षी येतो.

दोन वर्षांपूर्वी एक व्यापारी शरणपूर रोडच्या माझ्या ऑफिसात आले होते. मोबाइलवर एजंटाने पाठवलेला प्रमाणपत्राचा फोटो. शिक्का स्वच्छ, सही ऐटदार, मालाचं वर्णन 'सुकामेवा'. मी फोटो मोठा करून बघितला, तर निव्वळ वजनाची जागा कोरी. विचारलं, हे असं का? म्हणाले, ''एजंट म्हणतो, वजन मागाहून भरू.'' अहो, माल निघाल्यावर ज्यावर वजन भरलं जातं, ते प्रमाणपत्र कसलं? त्या मालाचा आणि त्या कागदाचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढंच त्यातून कळतं.

आता नियम. अफगाणिस्तान २००७ पासून सार्कमध्ये आहे, त्याच्या मालाला सवलत आहे, हे खरं. पण बेदाणा हा शेतमाल. द्राक्ष तिथल्या मातीत पिकलेलं हवं, तिथेच सुकलेलं हवं. चिनी बेदाणा काबूलमध्ये नव्या खोक्यात भरला म्हणून अफगाणी होत नाही. निवडणं, धुणं, पॅक करणं याने मूळ देश बदलत नाही. आणि माल थेट यायला हवा. वाटेत दुसऱ्या देशात थांबला तर तो तिथल्या कस्टम्सच्या देखरेखीत होता, त्याच्यावर काही प्रक्रिया झाली नाही, याचे कागद लागतात. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तान सीमेवरच्या अटारीची वाट विस्कळीत झाल्यावर माल इराण-दुबईकडून फिरून येतो म्हणतात. मग सलग बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) कुठाय, हे आधी विचारा. चिनी बेदाणा आडमार्गाने येतो अशी ओरड आपले बागायतदार करतात, ती ऐकून अधिकारी सावध झालेत.

आपल्याकडे हा खेळ नवा नाही. २०१७ मध्ये कोरियाच्या कराराचा आधार घेऊन सोन्याची नाणी यायला लागली, शेवटी सरकारला निर्बंध घालावे लागले. नेपाळमध्ये सोयाबीन फारसं पिकत नाही, तरी तिथून रिफाइंड सोयाबीन तेल भारतात येतं. अशाच धंद्यांना आळा घालायला २१ सप्टेंबर २०२० पासून, करारातल्या सवलतीसाठी मालाचा मूळ देश पडताळणारे 'कॅरोटार' नियम लागू झाले. त्यात आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८ डीएमध्ये जबाबदारी आयातदारावर टाकलीय. 'मला एजंटाने सांगितलं' हे उत्तर चालत नाही. माल कुठे पिकला, कसा तयार झाला, याची माहिती तुमच्या फाइलीत हवी, आणि ती फाइल बिल ऑफ एंट्रीच्या (कस्टम्सकडे भरायच्या आयात-पत्रकाच्या) तारखेपासून किमान ५ वर्षं जपायची. प्रमाणपत्र खरं असलं तरी माहिती देता आली नाही, तर सवलत नाकारता येते. मग पूर्ण शुल्क, वर व्याज, वर दंड. एजंट तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

तर घ्यावा का? तिथल्या बागेपासून बंदरापर्यंतचे कागद एजंट आधी देत असेल, तर सीएचएकडून तपासून घ्या आणि मग विचार करा. मोठा माल असेल तर आयातीआधीच सीमाशुल्काबद्दल निर्णय देणाऱ्या मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, पण त्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि 'आजच पैसे टाका, उद्या भाव वाढतोय' असं म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

कांद्याची निर्यातबंदी पुन्हा झाली तर करारातल्या देशांना तरी माल पाठवता येईल ना? (लासलगाव)

त्या भरवशावर राहू नका. टंचाईत अन्नधान्याच्या निर्यातीवर तात्पुरती बंधनं घालायला जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांतही मुभा आहे. ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली. ४ मे २०२४ ला उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्कासह. सप्टेंबरात दराची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि तेही १ एप्रिल २०२५ ला सुटलं. दीड वर्षात ढाका-कोलंबोच्या खरेदीदाराने दुसरे कांदे शोधले, तर त्याला बोल कसा लावणार? सौद्यात बंदीचं कलम घाला. मसुदा वकिलाकडून घ्या, इंटरनेटवरून उतरवू नका.

ऑस्ट्रेलियन वाइन स्वस्त झाली तर नाशिकच्या वायनरींचं काय?

स्वस्त बाटल्या स्वस्त झालेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून ५ डॉलरच्या वरच्या बाटलीवर शुल्क १५० वरून १०० टक्के झालं, १५ डॉलरच्या वर ७५. पुढच्या १० वर्षांत ते टप्प्याटप्प्याने ५० आणि २५ वर येईल. ५ डॉलरखालच्या बाटलीवर १५० टक्के तसंच आहे. त्यामुळे महागड्या वाइनवाल्यांनी आत्तापासून हिशेब करावा.

'दोन दिवसांत मुक्त व्यापार करार, फी फक्त ४,९९९' असा कोर्स करावा का?

नको.