वाचकांचे प्रश्न: बास, रबरी गांडूळ आणि वासाचं जेल

प्रश्न: सहा इंची मऊ प्लास्टिकचं गांडूळ टेक्सास रिगने (गळाचं टोक आमिषातच लपवायच्या पद्धतीने) लावतो. बास मासा ते तोंडात घेतो आणि हिसका देईपर्यंत थुंकतो. वासाचं जेल लावून फरक पडेल का? शिवाय डब्यातली काही आमिषं वितळून एकमेकांना चिकटलीत.

उत्तर: पडेल, पण जेल लांबून मासा ओढून आणेल ही आशा सोडा. बास मुख्यतः नजरेवर आणि पाण्यातल्या कंपनांवर शिकार करतो. वास-चवीमुळे तो आमिष जरा जास्त वेळ तोंडात धरतो, तुम्हाला हवा तो वेळ एवढाच. पातळ तेल लवकर धुऊन जातं. घट्ट जेल वाटाण्याएवढं घेऊन गांडुळाच्या खाचांत चोळा आणि दहा-बारा फेकींनी पुन्हा लावा. हाताला सनस्क्रीन किंवा पेट्रोल लागलं असेल तर आधी हात धुवा.

आम्हाला मात्र शंका गळाची आहे. ३/० मापाच्या ऑफसेट गळाचं (मानेशी वाकवलेल्या गळाचं) टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने काढा, गळ फिरवा, मग अंगातून आरपार नेऊन टोक वरच्या कातडीत जेमतेम लपवा. टोक खोल रुतलं तर हिसका प्लास्टिकमध्येच जिरतो. गांडूळ वाकडं बसलं तर ते गरगरतं आणि दोरीला पीळ पडतो. टोचणी जाणवली की ढील गुंडाळा, मगच हिसका द्या.

वितळण्याचं कारण मिश्रण. ताणल्यावर खूप लांबणारी टीपीई (रबरासारख्या प्लास्टिकची) आमिषं नेहमीच्या पीव्हीसी प्लास्टिकच्या आमिषांशेजारी ठेवली की पीव्हीसीतलं मऊ करणारं द्रव्य त्यांत उतरतं. प्रत्येक प्रकार मूळ पाकिटातच ठेवा.