नवी ७६/७०० दुर्बीण फोकस होत नाही? परत पाठवण्याआधी हे करून बघा

दुर्बीण परत पाठवायची घाई करू नका. तुम्ही दिलेली माहिती अशी: ७६ मिमी आरशाची, ७०० मिमी फोकल लेंग्थची (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) न्यूटोनियन, सोबत २०, १२.५ आणि ४ मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), एक ३एक्स बार्लो (चित्र तिप्पट मोठं करणारं जादा भिंग) आणि चित्र सुलट करणारी १.५एक्सची नळी. तारा म्हणजे मधे काळा ठिपका असलेला पांढरा गोल. दिवसा समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी कितीही नॉब फिरवला तरी धूसरच. आणि चंद्र स्पष्ट होतोय होतोय म्हणेपर्यंत पुन्हा बिघडतो. या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, आणि बहुधा त्यातल्या एकाही कारणासाठी दुकानदाराशी भांडावं लागणार नाही.

आधी तो गोल. तुमच्या दुर्बिणीत मुख्य आरसा नळीच्या तळाशी आहे आणि तोंडाजवळ एक छोटा तिरपा आरसा टांगलेला आहे. तो मधला थोडा प्रकाश अडवतो. तारा फोकसच्या बाहेर असला की त्याचा ठिपका पसरून थाळीएवढा होतो आणि छोट्या आरशाची सावली त्याच्या मधोमध दिसते. म्हणजे जे दिसतंय त्यावरून उलट एवढं कळतं की दोन्ही आरसे जागेवर आहेत आणि प्रकाश आयपीसपर्यंत पोचतोय. नॉब फिरवताना गोल लहान होत गेला पाहिजे. मोठा होत असेल तर दुसऱ्या बाजूला फिरवा. शेवटी तो टाचणीच्या टोकाएवढा व्हायला हवा, आणि तारा तेवढाच दिसतो. हौशी माणसाच्या कुठल्याही दुर्बिणीतून ताऱ्याची खरी तबकडी दिसत नाही. तारा मोठा दिसला म्हणजे जवळ आला असं समजून अनेकजण नेमके तिथेच थांबतात.

नॉब मात्र हळू फिरवायचा. ७०० भागिले ७६ म्हणजे तुमची दुर्बीण एफ/९.२ची झाली. या गुणोत्तराला चित्र खरोखर तीक्ष्ण राहतं तो पट्टा जेमतेम ०.२ मिमीचा असतो. या किमतीच्या फोकसरचे, म्हणजे नॉबने आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीचे, दाते ढोबळ असतात, त्यामुळे बोटाच्या एका झटक्यात हा पट्टा मागे पडतो. धूसर, क्षणभर बरं, पुन्हा धूसर, असं होत असेल तर फोकस तुमच्या हातून निसटतोय, दुर्बिणीतून नाही.

आता पाण्याची टाकी. वस्तू जितकी जवळ, तितकी आयपीस बाहेर सरकवावी लागते, आणि हे अंतर वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं. तुमच्या ७०० मिमीच्या आरशासाठी हिशोब असा: वस्तू १ किलोमीटरवर असेल तर ताऱ्यांच्या फोकसपेक्षा फक्त अर्धा मिलिमीटर बाहेर. १०० मीटरवर असेल तर ५ मिमी. २० मीटरवर अडीच सेंटीमीटर, आणि १० मीटरवर पाच सेंटीमीटरहून जास्त. तुमचा फोकसर मुळात काही सेंटीमीटरच सरकतो. सोसायटीतली समोरची बिल्डिंग पंधरा-वीस मीटरवर असेल तर ती टाकी फोकस होणारच नाही, आणि दुर्बीण तशीच बनवलेली असते. तुम्ही कोथरूडला राहता म्हणता. गच्चीवरून सिंहगडावरचा टॉवर दिसत असेल तर हवा स्वच्छ असेल त्या सकाळी तो लावा. नाहीतर एखाद्या टेकडीवरचा मोबाईल टॉवर चालेल, किमान किलोमीटरभर लांबचा. तो स्पष्ट झाला की फोकसरच्या नळीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा. रात्री त्या खुणेपासून सुरुवात केलीत तर चंद्र केसभर फिरवण्यावर असेल. चित्र उलटं दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. फाइंडरही (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) याच टॉवरवर जुळवून घ्या, कारण ‘काहीच फोकस होत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा समोर नुसतं रिकामं आकाश असतं.

दिवसाचा प्रयोग करताना सूर्य चुकूनही नळीसमोर येता कामा नये. मुलगी जवळ असेल तर दुर्बीण सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच ठेवा. डब्यात आयपीसवर बसवायचा काळा ‘सन फिल्टर’ आला असेल तर तो फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकू शकतो, आणि त्या क्षणी डोळा तिथेच असतो.

चंद्राच्या बाबतीत मला संशय वेगळा आहे. कुठला आयपीस लावला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण डब्यावर ५२५एक्स छापलेलं असतं आणि नव्या माणसाचा हात आधी ४ मिमी आणि बार्लोकडेच जातो. मॅग्निफिकेशन म्हणजे फोकल लेंग्थ भागिले आयपीस. २० मिमीने ३५ पट, १२.५ने ५६ पट, ४ने १७५ पट, आणि ४वर ३एक्स बार्लो चढवला की ५२५. आणि झेपतं किती? ढोबळ नियम आहे की आरशाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे दोनपट, तीही हवा अगदी शांत असेल तेव्हा. तुमच्यासाठी १५२. म्हणजे एकटा ४ मिमीसुद्धा मर्यादेच्या पलीकडे गेला. ५२५वर चित्र ३५च्या तुलनेत २२५ पट फिकं होतं, आणि ७६ मिमीच्या आरशाला मुळात दीड विकलेपेक्षा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) बारीक तपशील वेगळा करता येत नाही. नसलेला तपशील मोठा करून बघायचा तर धूसरच दिसणार. डब्यावरचा तो आकडा छापणाऱ्यांवर माझा राग आहे; दुर्बीण माळ्यावर जाण्याचं ते पहिलं कारण आहे.

तेव्हा बार्लो, ४ मिमी आणि ती १.५एक्सची नळी डब्यात परत. ही जादा नळी मधे घातली की फोकसची जागा सरकते आणि काही वेळा फोकसरच्या टप्प्याबाहेरच जाते. २० मिमीने चंद्र लावा, स्पष्ट झाला की १२.५वर जा आणि पुन्हा थोडा नॉब फिरवा, कारण दोन आयपीसचा फोकस एकाच ठिकाणी येतोच असं नाही. तिथी शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासची निवडा. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्याच नसतात, डोळ्याला धरायला काही सापडत नाही. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा इतक्या ठळक असतात की फोकस लागला की नाही याबद्दल शंकाच उरत नाही. आणि हो, पुढचं पूर्ण झाकण काढलंय ना? झाकणाच्या मधे एक छोटं टोपण असतं. तेवढंच काढून बघणारे बरेच भेटतात.

आता खरी परीक्षा. हिच्यावरून दोष आहे की नाही ते ठरेल. २० मिमी लावा, चंद्र मधोमध आणा, फोकसर पूर्ण आत घ्या आणि तिथून अगदी सावकाश शेवटपर्यंत बाहेर आणा. मधे कुठेतरी चित्र स्पष्ट होऊन पुन्हा बिघडलं तर फोकसर निर्दोष आहे, विषय संपला. शेवटपर्यंत सुधारतच गेलं आणि तरी पूर्ण झालं नाही, तर आयपीसचा स्क्रू सैल करून आयपीस काही मिलिमीटर वर उचला. स्पष्ट झालं? मग तेवढा वर ठेवूनच स्क्रू आवळा, किंवा त्याच्या बाहेरून टेपचं कडं गुंडाळा म्हणजे तिथेच अडेल. तिसरी शक्यता: पूर्ण आत असतानाच सगळ्यात बरं दिसतं आणि आणखी आत जायला जागा नाही. म्हणजे मुख्य आरसा थोडा मागे बसलाय. आरशामागे तीन स्क्रू असतील तर ते सारख्या मापाने फिरवून आरसा किंचित पुढे आणला की फोकस नळीच्या बाहेर सरकतो. पण वॉरंटी असताना हे स्वतः करू नका. दुर्बीण बदलून मागायला हे कारण पुरेसं आहे.

फोकसरचं सगळं ठीक असूनही चित्र उकळल्यासारखं हलत असेल तर ती हवा. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. शक्य असेल तर मैदानावर किंवा गवतावर जा. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे आरसा आणि नळी बाहेरच्या तापमानाला येतील. ग्रह डोक्यावर आल्यावर बघा, क्षितिजाजवळ नाही. खिडकीच्या काचेतून तर कधीच नको. उघड्या खिडकीतूनही घरातली गरम हवा समोरून वाहत असते. स्टँडचं कंपन हाही असाच चकवा. नॉबला हात लागला की चित्र थरथरतं आणि त्या थरथरीत फोकस समजत नाही. तिपाईचे पाय पूर्ण आत घ्या, खुर्चीवर बसून बघा, मधल्या ट्रेवर वाळूची पिशवी ठेवा. नॉब जरासा फिरवा, हात काढा, थरथर थांबू द्या, मगच ठरवा.

चष्म्याचंही विचारलंय तुम्ही. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून बघा, फरक नॉब भरून काढतो. तिरका (सिलिंड्रिकल) नंबर जास्त असेल तर तो नॉबने जात नाही, चष्मा लावावा लागेल. २० मिमीवर ते कसंबसं जमतं, ४ मिमीवर डोळा इतका टेकवावा लागतो की जमतच नाही. घरात प्रत्येकाचा फोकस वेगळा असणार. मुलीने बघितल्यावर तुम्हाला धूसर दिसलं तर तिने काही बिघडवलेलं नाही.

तरीही अंदाज येत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचं दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असं झाकण कापा, त्यात केंद्राच्या दोन्ही बाजूंना, कडेजवळ, सुमारे २० मिमीची दोन भोकं पाडा. तेजस्वी तारा लावा. फोकस नसेल तर एका ताऱ्याचे दोन दिसतात. नॉब फिरवताना ते जवळ येतात आणि एक होतात तोच फोकस. फोटोवाले यासाठी तिरप्या पट्ट्यांचा बाख्तिनोव मास्क वापरतात, पण तुमच्या कामाला लग्नपत्रिका पुरे.

एक शक्यता शिल्लक राहते, कोलिमेशनची. फोकसबाहेरच्या गोलात काळा ठिपका मधोमध नसून एका बाजूला गेलेला असेल, आणि नेमक्या फोकसवरही ताऱ्याला शेपूट फुटल्यासारखं दिसत असेल, तर आरसे एका रेषेत नाहीत. तारा आधी दृश्याच्या मधोमध आणून मगच हे तपासा, कडेला तो ठिपका तसाही सरकलेला भासतो. दुरुस्ती अवघड नाही, पण पहिल्या वेळी शेजारी कोणीतरी जाणता हवा. पुण्यात आहात तर ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ सालापासून चालू आहे. तिथे दुर्बिणी हाताळलेली माणसं भेटतील. मुंबईकडच्यांना खगोल मंडळ आहे, वांगणीला त्यांचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात.

या सगळ्यानंतर परत करण्याजोग्या गोष्टी उरतात त्या अशा: फोकसर पूर्ण आत असूनही चित्र आणखी आत मागतंय, फोकसरची नळी इतकी ढिली आहे की नॉब उलटा फिरवताच चित्र बाजूला उडी मारतं, किंवा आरशाला तडा गेलाय. आरशावरची थोडी धूळ दोष नव्हे, ती पुसायला जाऊ नका. चंद्रावर २० मिमीची परीक्षा केलीत की तीनपैकी काय झालं तेवढं लिहा, आणि फोकसर कुठे थांबला होता त्याचा बाजूने एक फोटो टाका.